अपयशी धाडसाचं स्मारक : अँड्र्यू मिनार्स्की आणि स्मरणाचा प्रश्न



मागच्या वेळी आपण कर्तव्य या कल्पनेबद्दल बोललो. कर्तव्य कुठे संपतं आणि त्याच्या पलीकडे काही असतं का, हा प्रश्न वेळेअभावी तसाच राहिला. व्याख्यान संपल्यावर जिन्यात एका श्रोत्यांनी मला अडवलं आणि म्हणाले, "सर, व्याख्या पुष्कळ झाल्या, आता एखादा माणूस दाखवा." त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. नीतिशास्त्रात माणूस समोर उभा केला नाही तर नुसती शब्दांची उठाठेव होते. म्हणून आज एकच माणूस घेऊ आणि त्याच्याबरोबर तासभर राहू.

हा माणूस दुसऱ्या महायुद्धात एका बॉम्बर विमानावर गनर होता. नाव अँड्र्यू चार्ल्स मिनार्स्की. जन्म १४ ऑक्टोबर १९१६, कॅनडातल्या विनिपेग शहरात. आईवडील पोलंडहून येऊन तिथे स्थायिक झालेले. अँड्र्यू सोळा वर्षांचा असताना वडील गेले, तेव्हा घराला हातभार लावण्यासाठी तो चामडं कापण्याच्या कामाला लागला. म्हणजे सांगायचं काय, तर हा काही लढवय्या घराण्यातला वगैरे नव्हे, कष्टकऱ्याचा मुलगा. १९४१ साली तो कॅनडाच्या हवाई दलात भरती झाला, आणि पुढे इंग्लंडच्या उत्तरेला मिडलटन सेंट जॉर्ज इथल्या तळावर, ४१९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला.

त्या रात्री काय झालं हे सांगण्याआधी विमानाची रचना समजून घेऊ, कारण सगळा प्रसंग त्या रचनेत अडकलेला आहे.

विमान होतं लँकेस्टर. चार इंजिनं, माणसं सात. पुढच्या भागात वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, दिशादर्शक, बॉम्ब टाकणारा आणि वायरलेस सांभाळणारा. उरलेले दोघे गनर. एक विमानाच्या पाठीवर, काचेच्या घुमटात. दुसरा थेट शेपटीत. हे जे घुमट, त्यांना टरेट म्हणतात. ते फिरतात, आणि फिरतात ते हायड्रॉलिक दाबावर. हा दाब येतो इंजिनांकडून. शेपटीतल्या टरेटमध्ये जागा इतकी कमी, की पॅराशूट अंगावर घालून बसणं कठीण. ते पाठीमागे, विमानाच्या मुख्य भागात ठेवलेलं असे. संकट आलं की गनरने टरेट सरळ करायचा, मागची दारं उघडून पॅराशूट घ्यायचं, अडकवायचं, मग टरेट आडवा फिरवायचा. तसं केलं की तीच दारं बाहेर, मोकळ्या हवेकडे उघडतात, आणि माणसाने पाठमोरं बाहेर पडायचं. टरेट फिरला नाही तर बाहेर पडायला वाट नाही. एवढं लक्षात ठेवा.

मिनार्स्की पाठीवरच्या टरेटमध्ये असे. शेपटीत असे त्याचा मित्र पॅट ब्रोफी. ब्रोफी अधिकारी, मिनार्स्की त्याच्याहून खालच्या हुद्द्याचा. दोघांची गट्टी जमलेली, पण लष्करात हुद्दा म्हणजे हुद्दा. त्यामुळे रात्री निरोप घेताना मिनार्स्की मुद्दाम ताठ उभा राहून सलाम ठोके आणि म्हणे, "गुड नाइट, सर." दोघांमधली ती थट्टा होती.

१२ जून १९४४. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचं सैन्य उतरून सहा दिवस झाले होते. जर्मन कुमक आघाडीवर पोहोचू नये म्हणून फ्रान्समधली रेल्वे केंद्रं उद्ध्वस्त करायची होती. या विमानाचं लक्ष्य होतं कांब्रे इथलं रेल्वे यार्ड. या सात जणांची ही तेरावी मोहीम, आणि लक्ष्यावर पोहोचेपर्यंत तारीखही तेरा होणार होती. उड्डाणाची वाट पाहत सगळे गवतावर बसले असताना मिनार्स्कीला चार पानांचं क्लोव्हर सापडलं. तिकडे ते शुभशकुनाचं मानतात. त्याने ते ब्रोफीला देऊन टाकलं.

मध्यरात्रीनंतर लक्ष्याच्या वाटेवर असताना एका जर्मन लढाऊ विमानाने मागून, खालून हल्ला केला. डाव्या बाजूची दोन्ही इंजिनं बंद पडली. डाव्या पंखाला आग लागली, आणि विमानाच्या आत, दोन्ही गनरांच्या मधल्या भागातही आग भडकली. आपसात बोलायची यंत्रणा बंद पडली होती. वैमानिक आर्ट डी ब्रेन याने दिव्याच्या खुणेने सर्वांना विमान सोडण्याचा हुकूम दिला. पुढचे एकेक करून उड्या मारू लागले.

मिनार्स्की आपल्या टरेटमधून खाली उतरला आणि मागच्या दाराशी आला. दारातून उडी मारायची, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात त्याने शेपटीकडे पाहिलं. ब्रोफी अडकला होता. इंजिनं गेली तशी हायड्रॉलिक यंत्रणा गेली. हाताने टरेट फिरवायची सोय होती, पण त्या धडपडीत तिचा दांडाही मोडला होता.

मिनार्स्की दाराकडे पाठ करून आगीत शिरला. रांगत शेपटीपर्यंत गेला. कुऱ्हाडीने टरेट हलवायचा प्रयत्न केला, मग नुसत्या हातांनी. तोपर्यंत त्याचे कपडे आणि पॅराशूट पेटले होते. ब्रोफीला काचेपलीकडून हे दिसत होतं. आता काही उपयोग नाही, तू जा, अशा खुणा तो हातांनी करत राहिला. शेवटी मिनार्स्की मागे सरकला. मागे वळायलाही जागा नव्हती, म्हणून ब्रोफीकडे तोंड करून, उलटा रांगत तो आगीतून परत गेला. दाराशी पोहोचल्यावर, पेटलेल्या कपड्यांनिशी उभा राहिला, सलाम केला आणि काही बोलला. आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. ब्रोफीला नुसते ओठ दिसले, पण शब्द ओळखीचे होते : "गुड नाइट, सर." आणि त्याने उडी मारली.

खाली फ्रेंच माणसांना तो सापडला. जर्मनांच्या इस्पितळात त्याला नेण्यात आलं. भाजणं इतकं होतं की तो वाचला नाही. वय सत्तावीस. आमियांजवळच्या मेहारिकूर नावाच्या गावच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.

आणि ब्रोफी? तो विमानाबरोबर खाली गेला. पोटात बॉम्ब असलेलं विमान जमिनीवर आदळलं, आणि त्या आदळण्यात ब्रोफी बाहेर फेकला गेला. तो जिवंत राहिला. इतकंच काय, त्याला फारशी इजाही झाली नाही. फ्रेंच प्रतिकार चळवळीतल्या लोकांनी त्याला लपवलं आणि सप्टेंबरमध्ये तो इंग्लंडला परतला. सातांपैकी सहा वाचले. वाचवायला गेलेला तेवढा मेला, आणि ज्याला वाचवायला गेला तो वाचला, पण वाचवण्यामुळे वाचला नाही.

१९४५ मध्ये जुने सहकारी पुन्हा भेटले तेव्हा ब्रोफीने विमानातली ती शेवटची मिनिटं सांगितली. मग डी ब्रेनने पुढाकार घेतला आणि ११ ऑक्टोबर १९४६ रोजी मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रिटिश साम्राज्यातलं शौर्याचं हे सर्वोच्च पदक.

ही झाली हकीकत. आता आपलं काम सुरू होतं.

वर्गात ही गोष्ट सांगितली की एक प्रश्न हमखास यायचा. एका वर्षी पहिल्याच बाकावरच्या मुलीने तो फारच सरळ विचारला. "सर, त्याला जमलंच नाही. मग पदक कशाचं?" वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण तो प्रश्न उत्तम होता. आधी कर्तव्याकडे पाहू, मग या प्रश्नाकडे येऊ.

१९५८ साली जे. ओ. अर्मसन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने संत आणि वीर यांच्यावर एक निबंध लिहिला. छोटासा आहे, पण त्याने नीतिशास्त्रातली एक जुनी मांडणी हलवली. तोवर कृत्यांचे तीन कप्पे मानण्याची सवय होती. करायलाच हवं ते, करू नये ते, आणि केलं काय न केलं काय, दोन्ही चालेल ते. अर्मसन म्हणाला, सोबत्यांना वाचवायला हातबाँबवर झेप घेणारा सैनिक कुठल्या कप्प्यात घालाल? कर्तव्य म्हणाल, तर ज्यांनी झेप घेतली नाही ते सगळे दोषी ठरतील. दोन्ही चालेल म्हणाल, तर झेप घेणं आणि चहा पिणं एकाच पंगतीला बसेल. तेव्हा चौथा कप्पा हवा. करणं थोर, पण न करणं दोष नव्हे. याला मी कर्तव्यापलीकडचं म्हणतो.

मिनार्स्कीचं कृत्य तपासून पाहा. त्याला हुकूम काय होता? विमान सोडण्याचा. म्हणजे कर्तव्य त्याला दाराबाहेर जा म्हणत होतं, शेपटीकडे जा म्हणत नव्हतं. तो तिथल्या तिथे उडी मारता तर कोणी बोट दाखवलं असतं? कोणीच नाही. ज्याला मदत मागायचा सर्वांत जास्त हक्क होता, तो ब्रोफीसुद्धा हात हलवून जा म्हणत होता. असा प्रसंग विरळा. हुकूम देणारा जा म्हणतो, संकटात सापडलेला जा म्हणतो, आणि तरी हा थांबतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे. असे लोक स्वतःला विचारलं तर काय म्हणतात? "मी माझं कर्तव्य केलं." अर्मसनच्याही हे लक्षात आलं होतं. ते हे वाक्य स्वतःबद्दल म्हणू शकतात. दुसरं कोणी त्यांना "हे तुझं कर्तव्य आहे" असं म्हणू शकत नाही. म्हटलं तर तो निर्लज्जपणा होईल. कर्तव्यापलीकडच्या गोष्टीची हीच खूण : ती आतून मागितली जाते, बाहेरून मागता येत नाही. ज्या समाजात ती बाहेरून मागितली जाऊ लागते, तिथे हुतात्म्यांचे पुतळे वाढतात आणि माणसं स्वस्त होतात.

आता त्या मुलीचा प्रश्न. फळ मिळालं नाही, मग मोल कशाचं?

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर गीतेत तयार आहे असं वाटतं : कर्म करावं, फळाकडे पाहू नये. ते खरंच आहे, पण घाईने वापरलं तर घात करतं. फळाकडे पाहायचं नाही म्हणजे परिस्थितीकडे पाहायचं नाही, असं नव्हे. मिनार्स्कीला टरेट उघडायचाच होता. म्हणून त्याने कुऱ्हाड घेतली. आपण किती शूर आहोत हे दाखवायला तो आगीत शिरला नव्हता. आणि उघडत नाही हे स्पष्ट झाल्यावर तो परत फिरला. या परत फिरण्याकडे लोकांचं दुर्लक्ष होतं. मला मात्र ते फार महत्त्वाचं वाटतं. मित्राबरोबर मरायचं म्हणून तो तिथेच बसून राहता, तर गोष्ट अधिक नाट्यमय झाली असती आणि कृत्य कमी शहाणं. त्याने शक्य होतं तेवढं केलं, अशक्य झालं तेव्हा थांबला, आणि निरोप न घेता गेला नाही. धैर्य आणि विवेक यांची फारकत झाली नाही.

तेव्हा त्या मुलीला मी जे उत्तर दिलं ते असं. पदक सुटकेचं नाही, निर्णयाचं आहे. दाराशी उभा असताना, ज्या क्षणाला तो वळला, तिथे कृत्य नैतिकदृष्ट्या पूर्ण झालं होतं. पुढे दांडा मोडलेला होता की शाबूत, हे त्याच्या हातात नव्हतं.

पण मंडळी, हे उत्तर देऊन घरी आल्यावर मला ते अपुरं वाटलं. कारण हातात नसलेल्या गोष्टींची यादी इथे संपत नाही. आदळताना ब्रोफी बाहेर फेकला गेला नसता तर? बहुतेक हिशोबांनी तो मरायलाच हवा होता. तो मेला असता, तर पुढच्या पाच जणांनी एवढंच सांगितलं असतं की विमान पेटलं, आम्ही उड्या मारल्या, मागचे दोघे वाचले नाहीत. कृत्य तेच. आग तीच, सलाम तोच. पण पदक नाही, पुतळा नाही, आज हे व्याख्यानही नाही.

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी 'नैतिक नशीब' हा विषय चर्चेला आणला. आपण माणसाला चांगला-वाईट ठरवतो तेव्हा त्याच्या हातात नसलेल्या कितीतरी गोष्टी त्या निवाड्यात चोरपावलांनी शिरलेल्या असतात. मिनार्स्कीच्या बाबतीत मोल नशिबावर अवलंबून नव्हतं, पण स्मारक मात्र पूर्णपणे अवलंबून होतं. साक्षीदार उरला, म्हणून गोष्ट उरली.

आता हाच धागा घेऊन मोठ्या चित्राकडे पाहा. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० जणांनी विमानांवर काम केलं. सगळे स्वेच्छेने आलेले. त्यांपैकी ५५,५७३ मारले गेले. शंभरात चव्वेचाळीस. एका पाळीत तीस मोहिमा कराव्या लागत आणि पुष्कळांची पाळी पुरी होतच नसे. लँकेस्टर पडलं की अनेकदा सातच्या सात जात. म्हणजे अशी हजारो विमानं, की ज्यांच्या शेवटच्या पाच मिनिटांचा साक्षीदारच नाही. त्यांच्यात आणखी किती मिनार्स्की होते? मोजायची सोय नाही. नव्हतेच, असं मात्र कोणी म्हणू नये.

म्हणून मला वाटतं, नावांच्या भिंती आवश्यक असतात. लंडनजवळ रनीमीड इथे १९५३ साली उघडलेलं स्मारक आहे. ज्यांची कबर कुठे आहे हेच ठाऊक नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावं तिथे कोरलेली आहेत. लिंकन शहराजवळच्या टेकडीवर अलीकडे बॉम्बर कमांडचं केंद्र झालं. तिथे जो पोलादी मनोरा आहे त्याची उंची आहे ३१ मीटरच्या थोडी वर, म्हणजे लँकेस्टरच्या एका पंखटोकापासून दुसऱ्यापर्यंत जेवढं अंतर, बरोबर तेवढी. सभोवती पोलादी पत्र्यांवर सुमारे ५८,००० नावं, आणि त्यांत जमिनीवर काम करताना मेलेली माणसंही आहेत. या भिंती कोणी काय केलं ते सांगत नाहीत. त्या एवढंच म्हणतात : आम्ही पाहिलं नाही, म्हणून काही घडलं नाही असं समजू नका. एका माणसाचा पुतळा आपल्याला माहीत असलेल्याचा मान करतो. नावांची भिंत आपल्या अज्ञानाचा मान राखते.

इथे थांबलो तर व्याख्यान सोपं होईल, पण अप्रामाणिक होईल. कारण ही विमानं आकाशात हवा खायला जात नव्हती. ती बॉम्ब टाकत होती, आणि बॉम्बखाली माणसं होती.

जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर झालेल्या हल्ल्यांत चाळीस हजारांच्या आसपास माणसं मेली. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनमध्ये, इतिहासकारांच्या आयोगाने काढलेल्या निष्कर्षानुसार, पंचवीस हजारांपर्यंत. हे सगळे हल्ले कारखान्यांपुरते नव्हते. शहरंच्या शहरं लक्ष्य केली गेली. मायकल वॉल्झर या अमेरिकन तत्त्वज्ञाने मांडलेला युक्तिवाद असा, की १९४०-४१ मध्ये ब्रिटन एकाकी असताना कदाचित याचं समर्थन होऊ शकेल, पण नंतर, जिंकण्याचे दुसरे मार्ग दिसू लागल्यावर, नाही. ए. सी. ग्रेलिंगने तर पुढे जाऊन ही गोष्ट नैतिक गुन्हा ठरवली. मिनार्स्कीची शेवटची मोहीम रेल्वे यार्डावर होती, शहरावर नव्हे, हे खरं. पण फ्रान्समधल्या रेल्वे केंद्रांवरच्या हल्ल्यांतही फ्रेंच नागरिक मोठ्या संख्येने मेले, म्हणजे ज्यांची सुटका करायची तेच.

ब्रिटनला हे अवघडलेपण जाणवत होतं. १९९२ साली बॉम्बर कमांडचा प्रमुख हॅरिस याचा पुतळा लंडनमध्ये उभारला, तेव्हा समारंभातच निषेध झाला आणि पुढे पुतळ्यावर लाल रंग ओतला गेला. हुकूम पाळणाऱ्यांचं स्मारक ग्रीन पार्कमध्ये झालं ते थेट २८ जून २०१२ रोजी, युद्ध संपून सदुसष्ट वर्षांनी. ब्राँझचे सात हवाई सैनिक, नुकतेच मोहिमेवरून परतल्यासारखे उभे. त्या स्मारकावर एक गोष्ट कोरलेली आहे, ती मला महत्त्वाची वाटते : १९३९ ते १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत मरण पावलेल्या सर्व देशांच्या लोकांचंही स्मरण तिथे केलेलं आहे.

त्याच स्मारकाच्या छताची एक गोष्ट. मे १९४४ मध्ये हॅलिफॅक्स जातीचं एक कॅनेडियन विमान बेल्जियममध्ये दलदलीत कोसळलं. त्यातल्या तिघांचे मृतदेह सापडलेच नव्हते. १९९७ साली विमान उकरून काढलं, तेव्हा ते तिघे आतच मिळाले. त्यांचं लष्करी इतमामाने दफन झालं, आणि त्या विमानाचं ॲल्युमिनियम वितळवून ग्रीन पार्कच्या छतासाठी वापरलं. त्रेपन्न वर्षांनी तिघांना कबर मिळाली.

मग प्रश्न असा : या माणसांचं स्मरण म्हणजे त्या बॉम्बहल्ल्यांचं समर्थन होतं का?

माझं म्हणणं आहे, तीन शब्द वेगळे ठेवा. स्मरण, गौरव आणि समर्थन. स्मरण म्हणजे हा माणूस होता आणि तो गेला, याची नोंद. त्यासाठी त्याने काही थोर केलेलं असावं लागत नाही. गौरव हा विशिष्ट कृत्याचा होतो. मिनार्स्कीचा गौरव शेपटीकडे वळण्यासाठी आहे. समर्थन हे धोरणाचं असतं, आणि त्यासाठी कारणं द्यावी लागतात, पुतळे पुरत नाहीत. गफलत केव्हा होते? एका शब्दाच्या तिकिटावर दुसरा गाडीत चढतो तेव्हा. मिनार्स्कीचं धैर्य दाखवून कोणी ड्रेस्डेनचं समर्थन करू लागला, तर त्याला थांबवा. आणि ड्रेस्डेन दाखवून कोणी मिनार्स्कीचं नाव खोडू लागला, तर त्यालाही थांबवा.

आपल्याला हे नवं नाही. कर्णाचं दातृत्व आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, म्हणून कोणी दुर्योधनाची बाजू खरी मानली नाही. तुलना पुरती जुळत नाही, हे मान्य. नाझी राजवटीविरुद्ध लढणं ही दुर्योधनाची बाजू नव्हती. मुद्दा एवढाच, की माणसाचं कृत्य आणि त्याच्या बाजूचा हिशोब, हे दोन वेगवेगळ्या वह्यांत लिहायची सवय आपल्या परंपरेला आहे.

पुण्याच्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट जवळची. मेहारिकूरची मिनार्स्कीची कबर सांभाळणारी जी राष्ट्रकुल युद्धसमाधी संस्था, तीच आपल्या खडकीची युद्ध दफनभूमी सांभाळते. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या साडेसोळाशेंहून अधिक जणांच्या कबरी आहेत. मी विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जात असे आणि एकच काम सांगत असे : नावं वाचू नका, वयं वाचा. दहा मिनिटांत मुलं गप्प होत. कारण ती वयं त्यांचीच असत.

१९१७ साली ही संस्था स्थापन झाली तेव्हाचं तत्त्व होतं समानतेचं. हुद्दा, वंश, धर्म यांवरून कबरीत फरक करायचा नाही. तत्त्व फार उदात्त. पण २०२१ साली संस्थेच्याच विशेष समितीने अहवालात कबूल केलं, की पहिल्या महायुद्धानंतर आफ्रिका, मध्यपूर्व आणि भारतातल्या लाखाहून अधिक मृतांची नावं कोरलीच गेली नाहीत, आणि कित्येक हजारांचं स्मरण गोऱ्यांपेक्षा कमी प्रतीचं झालं. म्हणजे स्मरणातही पंक्तिप्रपंच झाला. हे ऐकून राग येतो, यायलाच हवा. पण ज्या नियमाच्या आधाराने आपण रागावतो, तो त्यांनीच लिहिलेला आहे. चांगलं तत्त्व हे असंच उपयोगी पडतं. ते लिहिणाऱ्यालाच पुढे आरोपी करतं.

आता शेवटाकडे येतो, आणि थोडं स्वतःबद्दल बोलतो. आपण क्षमा कराल.

१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. आम्ही शेजारच्या उंच इमारतीच्या गच्चीवर होतो. खाली पाणी चढत होतं. एक माणूस एका म्हातारीला पाठुंगळी घेऊन पाण्यातून आला, तिला जिन्यावर ठेवलं आणि परत त्याच वाड्यात गेला. कशासाठी गेला, ठाऊक नाही. कोणी आत राहिलं असेल. गच्चीवरच्या मोठ्या माणसांचं लक्ष दुसरीकडे होतं. मी एकटा त्याच्याकडे बघत होतो. थोड्या वेळाने वाड्याची भिंत बसली. तो परत आलेला मला दिसला नाही. मागच्या बाजूने निघून गेलाही असेल. मी कोणाला काही बोललो नाही. आधी भीतीने, मग कोणी विचारलं नाही म्हणून, मग फार उशीर झाला म्हणून. नीतिशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. पण त्या माणसाचं नाव विचारण्याचं साधं काम माझ्याकडून झालं नाही.

म्हणून मला या कहाणीत मिनार्स्कीइतकाच ब्रोफी मोठा वाटतो. मिनार्स्कीने केलं ते कर्तव्यापलीकडचं होतं. ते त्याच्याकडे कोणी मागू शकत नव्हतं. पण ब्रोफीने सांगणं, हे मात्र कर्तव्य होतं. एकाने कर्तव्याची रेषा ओलांडली की पाहणाऱ्यावर एक नवं कर्तव्य येऊन पडतं : साक्ष देण्याचं. ते टाळता येत नाही. टाळलं, तर साठ वर्षांनी एखाद्या व्याख्यानात आठवतं.

आज कॅनडातल्या हॅमिल्टनच्या संग्रहालयात एक लँकेस्टर आहे. जगात उडू शकणारी लँकेस्टर विमानं दोनच उरली, त्यांतलं हे एक. मिनार्स्कीच्या विमानाची अक्षरं त्याच्यावर रंगवलेली आहेत. मिडलटन सेंट जॉर्जच्या जुन्या तळाचा आता नागरी विमानतळ झाला. तिथे २००५ साली त्याचा पुतळा उभा राहिला. विनिपेगमध्ये त्याच्या नावाची शाळा आहे. हे सगळं एका माणसाने जे पाहिलं ते सांगितलं म्हणून आहे.

प्रश्न असतील तर घेऊ.

(एका श्रोत्या भगिनींचा प्रश्न : "आपण म्हणालात की कृत्य त्या क्षणीच पूर्ण झालं. मग ते कोणी सांगितलं काय आणि न सांगितलं काय, फरक काय पडतो?")

फार चांगला प्रश्न. कृत्याला फरक पडत नाही. मिनार्स्कीलाही नाही. फरक आपल्याला पडतो. माणसं काय करू शकतात, याचं आपलं ज्ञान अशा साक्षींवरच उभं असतं. त्या नसत्या तर आपण माणसाला आहे त्याहून लहान समजलो असतो, आणि मग तसेच वागलो असतो. तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. आपल्या पाहण्यातलं असं एखादं कृत्य असेल, ज्याचे साक्षीदार फक्त आपण आहोत, तर ते कोणाला तरी सांगा. नाव माहीत असेल तर नावासकट सांगा, आणि नसेल तर अजून विचारता येतं का ते पाहा.